भुरी, मावा, कोळी: एकाच बाटलीत सगळं मिसळू नका

तुम्ही लिहिलंय की काकडीच्या वेलावर पांढरी भुकटी दिसली, मिरचीची पानं आकसली आणि गुलाबाच्या शेंड्यांवर बारीक हिरवे किडे बसले. म्हणून लिटरभर पाण्यात नीम तेल, भांडी घासायचं लिक्विड, खायचा सोडा आणि व्हिनेगर असं सगळं कालवून भर दुपारी तिन्ही झाडांवर मारलं. दोन दिवसांत काकडीची पानं कडेनं करपली. आता विचारताय, प्रमाण कुठे चुकलं.

प्रमाणाचं नंतर बघू. तीन झाडांना तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींना एकच औषध दिलं गेलं, मूळ घोळ तिथे आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फसफसून एकमेकांना मारतात. भुरी म्हणजे पानावर येणारी पिठासारखी पांढरी बुरशी, तिच्यावरचा सोड्याचा गुण संपतो, आणि पाण्यात उरतं ते एक सोडियमचं मीठ, जे पानाला नकोच असतं. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेलं असतं, त्यामुळे पानावरचा मेणाचा पातळ थरही ते धुऊन नेतं. त्यावर तेलाचा थर बसला. पान आपल्या रंध्रांतून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं. ती रंध्रं तेलानं झाकली आणि वर दुपारचं ऊन. काकडीचं पान मोठं, मऊ, लवदार असतं, म्हणून ते आधी करपलं.

आज फक्त एवढं करा: संध्याकाळी सगळी झाडं साध्या पाण्यानं धुवा, पानांच्या दोन्ही बाजूंनी. कुंड्या दोन-तीन दिवस दुपारच्या उन्हातून बाजूला ठेवा. आठ दिवस कसलीही फवारणी नको. करपलेली पानं सगळी ओरबाडू नका, ज्यात थोडा हिरवेपणा आहे ते पान अजून वेलासाठी अन्न करतंय.

आता काकडी. पांढऱ्या भुकटीवर बोट फिरवा. पीठ पुसल्यासारखं बोटाला लागलं आणि ते पानाच्या वरच्या बाजूला गोल ठिपक्यांत असलं, तर ती भुरी. वरून पिवळे, शिरांच्या मधे अडकलेले कोनदार डाग आणि खालच्या बाजूला करडी-जांभळट बुरशी असेल तर तो केवडा नावाचा वेगळा रोग. हा फरक ओळखणं फार महत्त्वाचं आहे, कारण दोघांचे स्वभाव उलटे आहेत. केवड्याला ओलं पान लागतं, रात्रभर पानावर पाणी राहिलं की तो फोफावतो. भुरीला दमट हवा आवडते, पण रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट साचलेल्या पाण्यात तिचे बीजाणू नीट रुजत नाहीत. म्हणून पाऊस नसताना, दाटीत, सावलीत, दिवस उबदार आणि रात्री गार अशा हवेत ती येते. घरगुती दूध-सोड्याचे फवारे भुरीवर चालतात. केवड्यावर त्यांच्या भरवशावर बसू नका. तिथे रोगट पानं काढणं, वेल मोकळा करणं आणि पाणी मुळाशी देणं हेच आधी.

भुरीसाठी मी पहिली निवड दुधाची करतो. लोकांना हे घरगुती तोडगा वाटतं, पण ब्राझीलमधले शास्त्रज्ञ वॅग्नर बेत्तिओल यांनी काचघरातल्या झुकिनीवर गाईचं दूध फवारून पाहिलं आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष छापले. भुरी आटोक्यात राहिली होती. झुकिनी म्हणजे काकडीच्याच कुळातली. मी १०० मिली दूध आणि ९०० मिली पाणी घेतो. साय काढलेलं दूध घ्या, स्निग्धांश कमी असला की वास कमी येतो आणि नोझलही तुंबत नाही. फवारा सकाळी मारा, कारण दुधाचा परिणाम प्रकाशात चांगला होतो आणि पान लवकर वाळतं. आठवड्यातून एकदा, भुरी जोरात असेल तर दोनदा. यापेक्षा खूप दाट केलं तर पानावर दुधाचा थर राहतो आणि त्यावर दुसरीच बुरशी चढते.

दुसरा उपाय खायच्या सोड्याचा. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुलाबाच्या भुरीवर आणि काळ्या ठिपक्यांच्या रोगावर सोडा आणि बागेसाठीचं तेल एकत्र वापरून चांगले परिणाम दाखवले, तेव्हापासून ही कृती घराघरांत गेली. नुसता सोडा पानावर टिकत नाही, थेंब बनून घरंगळतो. त्याला पसरवायला थोडं तेल किंवा साबण लागतो. एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा सोडा आणि दोन-तीन मिली साबणाचं पाणी, यापुढे जाऊ नका. दुप्पट केलंत तर भुरीआधी पान मरेल. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: दर आठवड्याला सोडा मारत राहिलात तर ओघळलेलं सोडियम कुंडीच्या मातीत साचतं. जमिनीत पाऊस ते वाहून नेतो, कुंडीत ते कुठे जाणार? फवारताना माती प्लास्टिकनं झाका, किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट मिळालं तर तेच वापरा. भुरीवर ते सोड्यापेक्षा सरस आहे आणि पोटॅशियम झाडाच्या कामी येतं.

दूध असो वा सोडा, जे पान पूर्ण पांढरं झालंय ते पुन्हा हिरवं होणार नाही. हे फवारे नव्या पानांना वाचवतात. तळाची, सगळ्यात जास्त पीठ बसलेली पानं काढून पिशवीत बांधून टाका, पण एका वेळी वेलाच्या एक तृतीयांशपेक्षा जास्त नको.

गुलाबाचे हिरवे किडे हा मावा. ही सगळ्यात सोपी केस आहे. आधी शेंडा हातात धरून पाण्याची जोरदार धार मारा, अर्धाअधिक मावा त्यानंच जातो, आणि खाली पडलेला बहुतेक मावा परत वर चढू शकत नाही. दोन दिवसांनी उरलेल्यांसाठी साबणाचा फवारा. इथे साबण म्हणजे खरा साबण, तेल आणि अल्कली यांपासून बनलेला, शक्यतो पोटॅशियमचा मऊ साबण. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड हे डिटर्जंट असतात, साबण नव्हे. लिटरला ५ ते १० मिली पातळ साबण पुरे. पाणी जड असेल तर साबण फाटतो, वर पांढरा साका येतो आणि फवाऱ्यात दम राहत नाही, तेव्हा पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या.

साबण विष म्हणून काम करत नाही. तो किड्याच्या मऊ कातडीवर ओला असेतोवरच मारतो. वाळला की त्याचं काम संपलं. म्हणून ज्या किड्याला तो लागला नाही तो जिवंत राहतो, अंडी तर राहतातच. एकदा फवारून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं. चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीन वेळा फवारा, मधून पानं साध्या पाण्यानं धुवा.

फवारण्याआधी माव्यात नीट बघा. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीच्या पिल्लासारखी दिसणारी अळी फिरताना दिसली तर हात आवरा. ती लेडीबर्डची अळी आहे, आणि प्रौढ होईपर्यंत ती शेकडो मावे खाते. कितीतरी लोक तिला कीड समजून चिरडतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुंग्यांची रांग दिसली तर तिचाही बंदोबस्त करा. माव्याच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याला राखतात आणि लेडीबर्डला हुसकतात. पानांवर काजळीसारखा काळा थर असेल तर तो याच चिकट्यावर वाढतो, वेगळ्या औषधाची गरज नाही, मावा गेला की तो धुऊन निघतो.

मिरचीचं मात्र मी बघितल्याशिवाय सांगू शकत नाही, कारण चुरडा-मुरडा, म्हणजे मिरचीची पानं अशी आकसणं, हे एका रोगाचं नाव नाही. पानाच्या कडा वरच्या बाजूला होडीसारख्या वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं, देठ लांबट, तर पिवळा कोळी (जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड). पानं बारीक, गुच्छासारखी, पिवळट आणि झाड खुरटलेलं, आसपास पांढरी माशी उडते, तर विषाणू. विषाणूवर जगात कुठलाच फवारा नाही. ते झाड उपटून बाजूला काढणं हे बाकीच्या मिरच्यांवर उपकार आहेत. फुलकिडे तपासायला पांढरा कागद धरून शेंडा झटका. कागदावर सळसळणारे पिवळट-तपकिरी बारीक दोरे दिसले तर तेच.

फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी नीम. यातला अझाडिरॅक्टिन हा घटक किड्याला खाणं नकोसं करतो आणि त्याची कात टाकण्याची क्रिया बिघडवतो. म्हणजे परिणाम हळू दिसतो, दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका. लिटरभर कोमट पाण्यात आधी दोन मिली साबण, मग ५ मिली कोल्ड-प्रेस्ड नीम तेल, आणि ते दुधाळ होईपर्यंत हलवा. उलट्या क्रमानं टाकलंत तर तेल वर तरंगतं आणि बाटलीतला शेवटचा घोट एका पानाला जाळतो. कालवलेलं त्याच दिवशी संपवा. उन्हात हा घटक लवकर विघटित होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी. निंबोळ्या मिळत असतील तर मी तेलापेक्षा ५ टक्के निंबोळी अर्क पसंत करतो: ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, एक लिटर करा आणि दोन ग्रॅम साबण घाला. वर्षापेक्षा जुन्या निंबोळ्यांत दम उरत नाही.

लाल कोळी तुम्ही विचारला नाहीत, पण कोरड्या उन्हाळ्यात तो गुलाबावर येतोच. पानावर बारीक फिकट टिपके, मग खालच्या बाजूला जाळं. उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला साधारण आठवडाच लागतो, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा फवारणं म्हणजे त्याला दोन पिढ्या मोकळं सोडणं. पानांच्या खालून रोज पाणी मारणं आणि चार-पाच दिवसांनी साबण, हे चालतं. पाण्यात विरघळणारं गंधक कोळी आणि भुरी दोघांवरही चालतं, पण ३० अंशांच्या वर तापमान असेल तर गंधक पान जाळतं. काकडीवर्गातली काही झाडं तर ते एरवीही सोसत नाहीत.

गंधक आणि तेल यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं. मी हे एका गुलाबावर शिकलो. गंधक मारून सहाच दिवस झाले होते, मावा दिसला म्हणून घाईनं नीम तेल मारलं. तीन दिवसांत सगळी कोवळी पालवी काळी पडली आणि कळ्या गळाल्या. झाड जगलं, पण तो पूर्ण बहर गेला. तेव्हापासून प्रत्येक कुंडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधतो: कधी, काय, किती.

तंबाखूचा काढा मात्र कुणीही सुचवला तरी करू नका. निकोटिन कातडीतून शरीरात जातं, माणसालाही घातक आहे, आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरची-टोमॅटोला लागू शकतो. लसूण-मिरचीचा फवारा किड्यांना थोडा वेळ दूर ठेवतो, पण वाऱ्याच्या दिशेला उभं राहिलात तर डोळ्यांची आग होते. चष्मा आणि हातमोजे घालूनच.

फवारताना नोझल पानाच्या खालून वर धरा, कारण मावा, कोळी, पांढरी माशी सगळे तिथेच असतात. नवा फवारा आधी दोन पानांवर मारून ४८ तास थांबा. तहानलेल्या झाडावर कधीच नको, आदल्या दिवशी पाणी द्या. उमललेली फुलं टाळा, ओला साबण मधमाशीलाही मारतो. काकडी-मिरची खायची असल्यामुळे तोडणी आधी, फवारणी नंतर, आणि पुढची तोड धुऊनच.

तुमच्यासाठी क्रम असा: आठ दिवस विश्रांती, मग काकडीला सकाळी दूध, गुलाबाला पाण्याची धार आणि नंतर साबण. मिरचीला अजून काहीच नको. तिच्या शेंड्याचा एक फोटो आणि एका पानाच्या खालच्या बाजूचा जवळून फोटो टाका, आणि कागदावर झटकल्यावर काय पडलं तेही लिहा. कडा वर वळल्यात की खाली, एवढं कळलं तरी पुढचं सांगता येईल.