चर्चच्या पायाला नारळ कशाला?

प्रिय पिल्लू,

काल शाळेची बस दाराशी आली आणि तुझा प्रश्न तसाच राहिला. गेल्या शनिवारी पहाटे साडेचारला तुला उठवून, रजईत गुंडाळून गावाकडच्या नव्या चर्चचं काम सुरू होताना फोनवर दाखवलं, तेव्हा मला वाटलं तू अर्धी झोपेतच आहेस. पण काल टोस्टला लोणी लावता लावता तू विचारलंस, "आपण ख्रिश्चन आहोत ना? मग नारळ का फोडला? आणि आजी त्याला भूमिपूजन का म्हणाली? आपण जमिनीची पूजा करतो का?"

संध्याकाळी सांगते म्हणाले, आणि संध्याकाळी माझी ड्यूटी निघाली. म्हणून हे लिहून तुझ्या उशीखाली ठेवतेय. अडेल तिथं बाबांना विचार.

नारळ पाळकसाहेबांनी फोडला नाही, मिस्त्रींनी फोडला. फोनवर सगळे एकाच घोळक्यात दिसत होते म्हणून तुला तसं वाटलं. मिस्त्री आपल्या मंडळीतले नाहीत, पण आसपासच्या चार गावांतली निम्मी घरं त्यांनीच बांधलीत. ते आधीच सांगून मोकळे झाले होते, "साहेब, तुमची प्रार्थना तुम्ही करा, पण नारळाबिगर मी फावडं लावणार न्हाई." त्यांनी बाजूला, सिमेंटच्या गोण्यांजवळ, दगडावर नारळ फोडला. पाणी शिंपडलं, खोबऱ्याचे तुकडे केले आणि पहिला तुकडा पाळकसाहेबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला. झालं.

तिकडं नारळावाचून कशाचंच पान हलत नाही. नवा ट्रॅक्टर आला, नारळ. क्रिकेटची स्पर्धा, नारळ. बांधकामाला पाणी लागणार म्हणून आधी बोअर घेतली, तेव्हा पाणाड्या आला तोही नारळ घेऊनच. तो नारळ तळहातावर आडवा ठेवून शेतातून चालतो आणि नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं पाणी आहे. (माझा त्यावर काडीचा विश्वास नाही. पण बोअरला पाणी लागलं, आणि आजी मला ते दर फोनवर ऐकवते.)

आता 'भूमिपूजन' या शब्दाचं. त्यावरून पंचांची एक अख्खी संध्याकाळ गेली. एक निवृत्त गुरुजी अडून बसले की 'पूजन' पत्रिकेवर छापायचं नाही, आपण भूमीची नव्हे, भूमी ज्यानं केली त्याची उपासना करतो. मग 'पायाभरणी समारंभ' असं छापलं. बरोबरच आहे त्यांचं. पण पत्रिका वाटताना खुद्द गुरुजीच म्हणत होते, "शनिवारी भूमिपूजनाला या हं." तोंडात बसलेले शब्द असे छापखान्यातून बदलत नाहीत. वसईकडचे ख्रिस्ती चर्चला 'देऊळ' म्हणतात, आणि म्हणून ते कमी ख्रिस्ती ठरत नाहीत. आपण रविवारी पेटी-तबल्यावर जी भजनं म्हणतो, त्यांतली कितीतरी नारायण वामन टिळकांची. ते 1895 साली ख्रिस्ती झाले, पण लिहीत राहिले अभंगच. देवाशी बोलायला त्यांना दुसरी चाल सुचलीच नाही, आणि आपल्याला तरी कुठं सुचते?

मंडळीनं त्या सकाळी जे केलं ते तुला नीट दिसलं नाही, कारण तुझा मामा फोन धरून सारखा जेवणाच्या मांडवाकडे वळत होता. आधी 127 वं स्तोत्र वाचलं. घर परमेश्वरानं बांधलं नाही तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट, असं त्यात आहे. मग याकोबाची गोष्ट. रानात दगड उशाला घेऊन झोपला, स्वप्नात शिडी पाहिली, सकाळी तोच दगड उभा करून त्यावर तेल ओतलं. हिंदू घराच्या पायात नवधान्य घालतात, कुणी चांदीचा छोटा नाग ठेवतात. आपल्याकडं कोनशिला बसवतील तेव्हा तिच्याखाली एक पेटी जाईल. पवित्र शास्त्राची प्रत, चालू नाणी, त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणि मंडळीतल्या सगळ्यांच्या नावांची यादी. यादीत तुझंही नाव आहे. आजीनं मुद्दाम घालून घेतलंय.

जुनं चर्च का पाडलं, हेही तू मागं एकदा विचारलं होतंस. आपल्याकडची माती काळी. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडतात की तुझा हात कोपरापर्यंत आत जाईल. जुन्या चर्चचा पाया त्या मातीतच होता, मुरमापर्यंत गेलाच नव्हता. व्यासपीठामागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा होता. मी लहान असताना उपदेश लांबला की त्या तड्यातून ये-जा करणाऱ्या मुंग्या मोजायचे. दरवर्षी तो सिमेंटनं बुजवायचे आणि दर उन्हाळ्यात तो पुन्हा उघडायचा. वाळूवर घर बांधणाऱ्या माणसाची गोष्ट संडे स्कूलमध्ये सांगतात ना, ती आमच्याकडं काळ्या मातीची म्हणून सांगायला हवी होती. या वेळी मिस्त्रींनी बजावलंय, मुरूम लागेपर्यंत खणायचं, आणि पावसाळ्याआधी पाया वर आलाच पाहिजे. म्हणून ही फेब्रुवारीतली घाई.

त्या जुन्या चर्चच्या दारावर एक दगड होता, इंग्रजी अक्षरांचा, एका साहेबाच्या नावाचा. अमेरिकन मिशनरी 1831 मध्ये अहमदनगरला आले (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात), आणि तिथून ही मंडळी खेड्यापाड्यांत पसरली. आपले पूर्वज महार होते. गावचा वाडा असो, वेस असो, देऊळ असो, खणायला आणि दगड वाहायला आपली माणसं, आणि बांधून झालं की त्यांना पायरीवरही उभं राहू द्यायचे नाहीत. ख्रिस्ती झाल्यावर गाव त्यांना 'बाटगे' म्हणू लागलं. ही गोष्ट तू मोठी झालीस की सविस्तर सांगेन, ती अशी उशीखाली ठेवण्यासारखी नाही. साहेबानं चर्च बांधून दिलं, बरोबर शाळाही दिली, त्याचे उपकार आहेतच. पण दगडावर नाव त्याचं होतं.

नवं चर्च मंडळी स्वतःच्या पैशानं बांधतेय. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. गेल्या वेळी एकच भोपळा पाच वेळा विकला गेला. जो घ्यायचा तो पैसे भरून भोपळा पुन्हा टेबलावर ठेवायचा. शेवटी त्याची भाजी झाली आणि सगळ्यांनीच खाल्ली. बाबांनी आणि मी पाठवलेले पैसे त्यात आहेत, पण त्या भोपळ्यापुढं मला ते सांगायलाही नको वाटतं.

आता जे मला तुला खरोखर दाखवायचं होतं ते. पहिली कुदळ कुणी मारायची, यावर पाहुण्यांची रांग लागली होती. एकेकानं कुदळ चिमटीत धरल्यासारखी धरली, जमिनीला टेकवली, फोटो काढून घेतला. मग पाळकसाहेबांनी आत्याआजीला पुढं बोलावलं. तीच गं, हिरव्या लुगड्यातली वाकलेली म्हातारी, जिला तू "ती पडेल" म्हणालीस. 1972 च्या दुष्काळात ती कामावर खडी फोडायला आणि माती उचलायला जायची. दिवसभर राबून मिळालेल्या पैशात मिलो ज्वारी (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणायची, आणि सुकडी (दुष्काळी कामावर वाटायचे तो कोरडा खाऊ) मिळाली तर ती पदरात बांधून घरी पोरांसाठी न्यायची. तिनं पदर खोचला, कुदळीचा दांडा हातात फिरवून पाहिला, तळहातावर थुंकली, आणि डोक्यावरून अशी हाणली की पातं अर्धं आत गेलं. ढेकूळ उडून एका पाहुण्याच्या बुटावर पडलं. ती थांबेचना. चार घाव घातल्यावर तुझ्या मामानं कुदळ काढून घेतली, तर म्हणाली, "आरं, मुरूम कुठं लागलाय अजून?"

तेव्हा तू हसलीस, आणि मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

तर पिल्लू, आपण जमिनीची पूजा करत नाही. पण आजी भूमिपूजन म्हणाली तर तिला सुधारायला जाऊ नकोस. गुरुजींना ते जमलं नाही, तुला कुठून जमणार.

आणखी एक. तुझ्या वाटणीचं खोबरं आजीनं डब्यात राखून ठेवलं होतं. ते खवट होईल म्हणून परवा लसणाच्या चटणीत घातलं. तुला सांगायला ती लाजते, म्हणून मी सांगतेय.

तुझी,
आई