जुन्या ऑटोमॅटिक गाडीत दुसरा-तिसरा गिअर पडताना झटका बसतो. गिअरबॉक्स खोलावाच लागेल का?

लगेच नाही. हे उत्तर टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या) गाडीसाठी आहे. एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्रणा आपोआप बदलते) किंवा सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) यांचं गणित वेगळं.

आधी गिअरबॉक्सचं ऑइल (एटीएफ) बघा. गाडी १५-२० मिनिटं चालवून सपाट जागी लावा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, मग पी (पार्क) मध्ये इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघतात. डिपस्टिक नसेल तर पातळी गाडी लिफ्टवर घेऊनच तपासावी लागते. थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर असेल तर ठीक. काळपट आणि जळका वास म्हणजे बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट्स झिजल्यात. गुलाबी दुधाळ दिसलं तर रेडिएटरमधलं कूलंट आत शिरलंय, गाडी अजिबात चालवू नका.

झटक्याच्या क्षणी टॅकोमीटर (इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, दाखवणारा काटा) बघा. आरपीएम आधी उसळून मग धक्का बसत असेल तर क्लच घसरतोय. आरपीएम न उसळता नुसताच दणका असेल तर सोलेनॉइड (ऑइलचा मार्ग उघडणारा-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), लाइन प्रेशर (गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब) किंवा फाटलेलं माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स धरून ठेवणारा रबरी आधार). पी मधून डी किंवा आर टाकतानाही 'धप्प' होत असेल तर संशय आधी माउंटिंगवर.

स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०७०० हा कोड आला म्हणजे निदान झालं असं नाही. तो फक्त गिअरबॉक्समध्ये बिघाड आहे एवढंच सांगतो; खरा कोड ट्रान्समिशनच्या (गिअरबॉक्सच्या) कंट्रोलरमध्ये असतो. पी०७५० च्या पुढचे कोड बहुधा शिफ्ट सोलेनॉइडचे.

ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच घाला. एका ड्रेनमध्ये (खालचा बोल्ट काढून ऑइल सोडताना) बहुधा निम्म्याहून कमीच निघतं, बाकीचं मुख्यतः कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा-दोनदा बदला. जुन्या बॉक्सला मशीनने प्रेशर फ्लश (दाबाने ऑइल ढकलून सफाई) करू देऊ नका.