थायलंडच्या शाळेत नाताळाला नाचायला सांगितलंय, नाचू का?

ताई, नंतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मे महिन्यापासून ईसानमधल्या, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागातल्या, एका शाळेत विज्ञान शिकवताय. नाताळाच्या कार्यक्रमात सांताची टोपी घालून फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर नाचा, असं लाइन ह्या चॅट अ‍ॅपच्या ग्रुपवर फर्मान आलंय. करारात 'शाळा सांगेल ती इतर कामे' असं एक मोघम कलम आहे. तोच नाच पुढच्या रविवारी मॉलमध्येही करायचाय. तुम्ही कधी नाचलेला नाहीत, आणि 'मी शिक्षिका आहे की शोभेची बाहुली?' असं विचारलंय. मी ह्याच देशात बरीच वर्षं गणित शिकवतेय आणि मंचावरही पुष्कळदा उभी राहिलेय, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी सरळ उत्तर. शाळेतल्या कार्यक्रमातून अंग काढून घेऊ नका, पण मंचावर काय करायचं ते तुम्ही ठरवा. मॉलचं प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

तुम्हाला अपमान वाटतोय तो आपल्याकडच्या सवयीमुळे. आपल्या गॅदरिंगला मुलं नाचतात आणि शिक्षक पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसतात. फार तर एखादे सर शेवटी भावगीत म्हणतात. इथे शिक्षकाचा मान त्या खुर्चीत नसतो. सकाळी आठला झेंड्यापुढे कडक शिस्तीत उभे असणारे डायरेक्टर, म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, नववर्षाच्या पार्टीत कॅराओकेवर गावरान प्रेमगीतं म्हणतात आणि शिक्षक टेबलाभोवती फेर धरतात. दुसऱ्या दिवशी तीच मुलं त्यांना वाकून वाई, म्हणजे हात जोडून नमस्कार, करतात. रुबाब तसूभरही कमी होत नाही. तेव्हा तुम्हाला नाचायला सांगणाऱ्या बाईंच्या मनात तुम्हाला खाली पाहायला लावायचं काही नसतं. बहुधा त्या स्वतःही त्याच कार्यक्रमात रेनडिअरची शिंगं लावून उभ्या असणार.

म्हणजे सगळं निर्मळ आहे असंही नाही. नाताळाला इथे सुट्टी नसते, २५ डिसेंबरला शाळा भरते. सण ख्रिस्ती, शाळेतली बहुतेक मुलं बौद्ध, आणि कार्यक्रम परदेशी भाषा विभागाच्या गळ्यात. त्यात देवाधर्माचं फारसं काही नसतं. 'आमच्या शाळेत परदेशी शिक्षक आहेत' हे पालकांना दिसावं आणि फोटो शाळेच्या फेसबुक पानावर जावेत, हा त्यातला मोठा भाग असतो. शिवाय बऱ्याच शाळांमधले, विशेषतः एजन्सीमार्फत आलेल्यांचे, करार मार्चमध्ये संपतात आणि नवे करायचे की नाही ह्याचा विचार जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. डिसेंबरातला नाच नेमका त्याच्या तोंडावर येतो. ज्यांचे पगार कमी आणि करार कच्चे, ते सगळ्यांत पुढे नाचतात. फिलिपिनो सहकारी 'हौसेने' नाचतात असं तुम्ही लिहिलंय. काहींना हौस असतेच, आणि गळेही सुरेख असतात. पण गोऱ्या शिक्षकाने कंटाळा केला तर तो 'लाजरा' ठरतो आणि फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाने केला तर 'सहकार्य करत नाही' असा शेरा बसतो, हे मी पाहिलंय. त्यांच्याकडे बोट दाखवून स्वतःला वेगळं काढू नका. उद्या वर्ग सांभाळायला तेच धावून येणार आहेत.

आता हे एका दिवसाचं नाही, हेही ध्यानात घ्या. जूनमध्ये एका गुरुवारी वाई ख्रू, म्हणजे गुरुवंदनाचा सोहळा, झाला असेल, मुलांनी गुडघ्यांवर येऊन तुमच्यापुढे फुलांची रचना धरली असेल. त्यात हिरवं गवत होतं ते नीट पाहिलंत का? त्या दूर्वाच. सोबत वांग्याचं फूल असतं, पेंटगुळ असते, कुठेकुठे भाताच्या लाह्याही असतात. दूर्वा चिवटपणासाठी, कारण तुडवली तरी वाढते. वांग्याचं फूल खाली मान घालतं, म्हणून नम्रतेसाठी. पेंटगुळीची कळी सुईसारखी, म्हणून ती तल्लख बुद्धीसाठी. त्या दिवशी तुम्ही गुरू म्हणून बसलात ते ह्याच मंचावर. १२ ऑगस्टचा मातृदिन झाला, नोव्हेंबरात लॉय क्राथोंगची मिरवणूक झाली (बहुतेक वर्षी ती आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते, पाण्यात दिवे सोडताना घरची आठवण होतेच). नाताळानंतर लगेच नववर्षाची पार्टी, जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी बालदिन, १६ जानेवारीला शिक्षकदिन. प्रत्येक वेळी 'टीचर, तुम्ही काय करणार?' हा प्रश्न येणारच. म्हणून एका नाचावर भांडण्यापेक्षा वर्षभर चालेल अशी स्वतःची एक जागा धरून ठेवा.

ज्यांना नाचता येत नाही त्यांच्यासाठी उत्तम जागा म्हणजे सूत्रसंचालन. अशा कार्यक्रमांना थाई आणि इंग्रजी असे दोन निवेदक लागतात, आणि इंग्रजी निवेदनाला सहसा कुणी पुढे येत नाही. संहिता आधी मागून घ्या, ती बऱ्याचदा आदल्या रात्री येते. थाई निवेदकाशी ठरवून ठेवा की तुमची वाक्यं आखूड असतील, कारण मुलांना लांबलचक इंग्रजी कळत नाही आणि ती गोंगाट करायला लागतात. पाहुण्यांची नावं आणि हुद्दे थाई निवेदकाकडेच सोपवा. त्यात एकाचा क्रम चुकला तर महिनाभर चर्चा होते.

दुसरी जागा मुलांच्या मागे. तुम्ही एकट्या नाचू नका, मुलांचं काहीतरी बसवा. भारतीय म्हटलं की हिंदी सिनेमातलं गाणं हवं असा आग्रह होतो. मी लेझीम पुढे केली. दोन लेझमी सांगलीहून आणल्या होत्या, बाकीच्या शाळेत सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांनी बांबूच्या केल्या आणि साखळीत शीतपेयांच्या डब्यांच्या पत्र्याच्या चकत्या कापून घातल्या. आवाज छमछम येत नव्हता, खुळखुळ येत होता, पण एका लयीत तीसेक पोरं वाकायला लागली की तोही कानाला गोड लागतो. हलगी कुठून आणणार? इथला क्लोंग याओ, म्हणजे मिरवणुकीतला लांब ढोल, वाजवणारी मुलं शाळेतच होती. लेझमीचा 'चार आवाज' हा प्रकार त्यांनी दोन दिवसांत उचलला. 'आगे फलांग'ला मात्र रांग पार विस्कटायची, तो काढूनच टाकला.

मग नववर्षाच्या पार्टीत आमच्या विभागाच्या शिक्षिकांनाही तेच करायचं होतं, नऊवारी नेसून. बँकॉकच्या फाहुरात बाजारात, म्हणजे तिथल्या भारतीय कापडपेठेत, साडीचं कापड वारावर मिळतं, ते आणलं. मी सेफ्टी पिनांचा डबा घेऊन तयारीत होते, कारण घरी माझ्या बहिणीला कासोटा शिकवताना एक अख्खी दुपार गेली होती. इथे नृत्याच्या बाईंनी कापड कमरेला गुंडाळलं, पुढच्या निऱ्यांची पट्टी पायांतून मागे घेतली, खोचली आणि माझ्याकडे पाहिलं, आता पुढे काय? त्यांच्या चोंग क्राबेनचा, म्हणजे धोतरासारख्या थाई वस्त्राचा, कासोटा असाच मागे खोचतात. पारंपरिक नाचासाठी त्यांनी तो जन्मभर नेसलाय. अडलं ते पदरापाशी, कारण त्यांना तो खांद्यावरून थेट पाठीवर सोडायचा होता. पिना लागल्या त्या तेवढ्याच.

तिसरी जागा तुमच्या विषयाची, आणि ती तुमच्यासाठी सगळ्यांत सोयीची. १८ ऑगस्ट हा थायलंडचा राष्ट्रीय विज्ञान दिन. १८६८ साली त्या तारखेचं खग्रास सूर्यग्रहण राजा मोंगकुट, म्हणजे चौथे राम, ह्यांनी स्वतः गणित करून आधी वर्तवलं होतं. समुद्रकाठच्या वा को गावी तळ ठोकून परदेशी पाहुण्यांना बोलावून ते दाखवलं. तिथेच त्यांना मलेरिया झाला आणि १ ऑक्टोबरला ते वारले. इथल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असते. त्यांना माहीत नसतं ते हे, की तीच सावली सयामला, म्हणजे तेव्हाच्या थायलंडला, पोचण्याआधी त्याच सकाळी आपल्या कोकणावरून गेली होती. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ टिपली गेली ते हेच ग्रहण, आणि विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन करतात तो त्याचाच. अंधाऱ्या सभागृहात एक दिवा, एक संत्रं आणि पृथ्वीचा गोल घेऊन एका मुलीने कोकणातून 'अंधार झाला' म्हणावं, मग सावली बंगालच्या उपसागरावरून सरकत वा कोला यावी, एवढंच करा. विज्ञान सप्ताह आता पुढच्या ऑगस्टला, पण ही कल्पना आत्ताच विभागप्रमुखांच्या कानावर घाला. ऑगस्टात आपण होऊन मंचावर गेलेल्या बाईंना डिसेंबरात कुणी ओढून नेत नाही.

गंमत करायच्या भरात काही गोष्टी चुकूनही करू नका. नाटुकल्यात राजाचं पात्र, राजघराण्याची नक्कल, नोटा उधळणं, हे अजिबात नको. नोटेवर राजाचं चित्र असतं आणि ह्या बाबतीतला कायदा फार कडक आहे. मंचाच्या कडेला बुद्धमूर्ती आणि राजाची तसबीर मांडलेली असते, तिच्याकडे पाय करून बसू नका. गणपतीचा मुखवटा घालून विनोद करायचा मोह आपल्या लोकांना होतो. इथे गणपती कलेची देवता म्हणून पुजला जातो, सरकारच्या ललित कला विभागाच्या बोधचिन्हावरही तोच आहे. नाचाच्या बाई दुखावतील.

नाही कसं म्हणायचं? ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथे सगळ्यांसमोर नकार दिलात की विभागप्रमुखांना डायरेक्टरपुढे खाली पाहावं लागतं आणि ते विसरलं जात नाही. विभागप्रमुखांना एकट्यात गाठा, हातात पर्याय घेऊन जा. 'मला नाचता येत नाही, पण निवेदन मी करते आणि मत्तयोमच्या (माध्यमिकच्या) मुलींचं गाणं बसवते, सराव शेवटच्या तासाला चालेल का?' एवढं पुरतं. सरावाची वेळ आणि कपड्यांचं भाडं कोण देणार, हे त्याच बैठकीत विचारा, कारण नंतर ते तुमच्या खिशातून जातं. पाठदुखीचं खोटं निमित्त करू नका. लोक फळांची टोपली घेऊन घरी येतात, आणि मग आठवडाभर लंगडावं लागतं.

नाचावंच लागलं तर मागच्या रांगेत उभ्या राहा, पुढच्याचे पाय पाहा आणि हसत राहा. नाचता येत नाही हे इथे कुणाला खटकत नाही, तोंड पाडून नाचलेलं खटकतं. गाणं फोनवर आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा, नाहीतर ध्वनीवाला यूट्यूबवरून लावतो आणि मध्येच शाम्पूची जाहिरात सुरू होते. सांताचा पूर्ण पोशाख तेवढा अंगावर घेऊ नका. ईसानमध्ये डिसेंबरची सकाळ गार असते, पण दहानंतर मैदानात तो कापूस जिवावर येतो. मुलं टॉफीसाठी झुंबड करतात ते वेगळंच.

राहिला मॉल. तो सण नाही, शाळेची प्रवेशाची जाहिरात आहे. रविवारी काम म्हणजे बदली सुट्टी किंवा भत्ता, हे आधी लेखी, निदान लाइनवर तरी, घ्या. तुम्ही एजन्सीमार्फत असाल तर शाळेशी हुज्जत न घालता एजन्सीच्या समन्वयकाला विचारा, तो त्याचाच प्रश्न आहे. बदली सुट्टी मिळाली तर तास-दोन तास प्रयोगांचं टेबल मांडून बसा. लिंबाच्या रसाची शाई किंवा फुगा-बाटलीचा प्रयोग पाहायला लोक थांबतात, आणि ते विज्ञानशिक्षिकेला शोभतंही. काहीच द्यायला तयार नसतील तर ह्या एका ठिकाणी खुशाल नाही म्हणा. आणि मॉलवाल्यांनी किंवा एखाद्या हॉटेलने परस्पर पैसे देऊन 'नववर्षाला भारतीय नाच करा' म्हटलं, तर हात जोडून नकार द्या. तुमचं वर्क परमिट शिक्षकाच्या कामासाठी आहे, त्यावर नोंदलेल्या मालकाखेरीज दुसऱ्याचं काम पैसे घेऊन केलंत तर गोत्यात शाळा नाही, तुम्ही येता.

विभागप्रमुखांशी बोलणं झालं की इथे कळवा. लेझमीची मापं हवी असतील तर मास्तरांनी काढलेलं चित्र माझ्याकडे आहे, निरोप टाका, पाठवते.