परदेशी भाषेतील नवे शब्द विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावेत यासाठी शिक्षकाने काय करावे?

आपण जर्मनचे प्राथमिक वर्ग घेता, विद्यार्थी शब्दांच्या याद्या मन लावून पाठ करतात, दुसऱ्या दिवशी ते शब्द त्यांना येतातही, पण महिन्याभरात पाटी कोरी होते, असे आपण लिहिले आहे. मीही पुण्यात मराठी मुलांना जर्मन शिकवतो. माझ्या मते त्यांची मेहनत कमी पडत नाही. ते शब्द पुन्हा पुन्हा वाचतात, पण न पाहता आठवण्याची वेळ त्यांच्यावर फारशी येत नाही, ही खरी अडचण आहे.

कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतील 40 शब्द अर्थांसह शिकवले गेले. शब्द एकदा आल्यावरही ज्यांची पुनःपुन्हा चाचणी घेतली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे 80 टक्के शब्द आठवले. ज्यांना ते केवळ पुन्हा वाचायला दिले, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. आपल्याला किती आठवेल याचा विद्यार्थ्यांचा स्वतःचा अंदाज मात्र सर्व गटांत जवळजवळ सारखाच होता. म्हणजे कोणती पद्धत उपयोगी पडते आहे हे शिकणाऱ्याला आतून जाणवत नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी शिक्षकाने उचलायला हवी.

मी तासाची पहिली दहा मिनिटे यासाठीच राखून ठेवतो. वह्या बंद करायला सांगून फळ्यावर मराठी शब्द लिहितो: काही मागच्या तासाचे, काही मागच्या आठवड्याचे आणि दोन-तीन शब्द महिन्यापूर्वीचे. विद्यार्थी त्यांचे जर्मन प्रतिशब्द आर्टिकल (नामाआधी येणारा, त्याचे लिंग दाखवणारा छोटा शब्द) आणि अनेकवचनासह कागदावर लिहितात, मग लगेच स्वतःच तपासतात. याला गुण देऊ नयेत, कारण गुण आले की मुले अंदाज करायला बिचकतात. चुकलेला अंदाज जागच्या जागी दुरुस्त झाला तर त्याचाही फायदाच होतो.

मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत लिंगाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडेही तीन लिंगे असल्याने ‘डेर, डी, डास’ (अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी आर्टिकल) ही कल्पना त्यांना चटकन समजते, पण तीच ओळख पुढे दगा देते. ‘ते पुस्तक’ आणि ‘डास बूख’ जुळतात. ‘ते दार’ मात्र ‘डी ट्यूर’ होते आणि ‘ती खिडकी’ ‘डास फेन्स्टर’. मूल सहजपणे ‘डी फेन्स्टर’ म्हणून जाते, आणि अनेकवचनात तेच रूप बरोबर असल्यामुळे ही चूक कानाला खटकतही नाही. म्हणून नवे शब्द देतानाच मराठीशी न जुळणाऱ्या नामांवर खूण करून घ्यावी आणि उजळणीत ती नामे जास्त वेळा विचारावीत. जुळणाऱ्या नामांवर तेवढा वेळ घालवण्याची गरज नसते.

पाठ्यपुस्तकात सारख्या अर्थाचे किंवा विरुद्धार्थी शब्द एकत्र येतात. ‘टॉयर’ म्हणजे महाग आणि ‘बिलिग’ म्हणजे स्वस्त हे एकाच दिवशी दिले, तर कोणता कुठला याचा गोंधळ बराच काळ टिकतो. एक शब्द पक्का झाल्यावर दुसरा द्यावा.

घरच्या अभ्यासासाठी सेबास्टियान लाइट्नर यांनी 1972 साली मांडलेली कार्डांची पेटी आजही उत्तम आहे. पेटीत पाच कप्पे असतात; उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने उघडायचे असल्यामुळे कच्च्या शब्दांवर आपोआप जास्त वेळ दिला जातो. ‘अंकी’ हे ॲपही अशाच तत्त्वावर चालते, पण तयार संच उतरवून घेण्याऐवजी मुलांनी आपली कार्डे स्वतः लिहावीत. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू त्यासाठी छान चालतात. कार्डावर सुटा शब्द न लिहिता वर्गात वापरलेले छोटे वाक्य लिहावे आणि शब्दाच्या जागी रेघ मारावी.

एका तासाला आठ-दहांहून अधिक शब्द पाठ करायला देऊ नयेत. धड्यातील उरलेले शब्द वाचताना ओळखता आले तरी पहिल्या पातळीवर तेवढे पुरते.