पार्श्वसंगीतावर मत देण्याआधी

चित्रपटांच्या पार्श्वसंगीतावर मत मांडायला तुम्ही नुकतीच सुरुवात केली आहे, तेव्हा आपण नेमके काय ऐकत आहोत याची आधी खात्री करून घ्यावी, असे मी सुचवेन. बाजारात आलेली ध्वनिमुद्रिका आणि पडद्यावर वाजणारे संगीत एकच असेल असे नाही. संगीतकार जॉन विल्यम्स यांचे संगीत असलेल्या ‘जॉज’ या शार्कवरच्या इंग्रजी चित्रपटाचेच पाहा : १९७५ साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी ते संगीत पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित केले होते, त्यामुळे केवळ तिच्या आधारे चित्रपटातील परिणामाविषयी ठाम विधान करणे धाडसाचे ठरते.

संगीत कोठे नाही, याकडेही लक्ष असू द्या. याच चित्रपटात दोन स्वरांची ती प्रसिद्ध धून शार्क जवळ आल्याची वर्दी देते. परंतु दोन मुले शार्कच्या पाठीवरच्या परासारखा पुठ्ठ्याचा खोटा पर पाण्यावर धरून पोहणाऱ्यांना घाबरवतात, तेव्हा ती वाजतच नाही, आणि संकट खोटे असल्याची सूचना सावध प्रेक्षकाला आधीच मिळून जाते. नुसती ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला हा बारकावा कधीच उमगणार नाही.

‘अप्रतिम’, ‘कंटाळवाणे’ एवढ्यावर थांबू नका (असे शेरे जाणकारही सर्रास मारतात, हा भाग वेगळा). कोणता तुकडा, कोणते वाद्य, कोणता प्रसंग, हे लिहिलेत तर असहमत असलेल्यालाही तो भाग पुन्हा ऐकून तुम्हाला मुद्देसूद उत्तर देता येईल.