थंडी, जीवाणू आणि वाचकांच्या शंका

फ्रिजमध्ये ठेवलेल्या अन्नातील जीवाणू मरतात का?

नाही. बहुतेकांची वाढ फक्त मंदावते.

ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूला अचानक थंडी लागली की 'सीएसपीए' हे जनुक चालू होते, असे क्लासच्या नोट्समध्ये आहे. परीक्षेत एवढे लिहिले तर पुरेल का?

पुरणार नाही. हे अर्धवट वाक्य दरवर्षी नव्या पत्रांतून माझ्याकडे येते, म्हणून सविस्तर लिहितो. या जनुकाचा संदेशक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश नेणारी जनुकाची प्रत, ३७ अंश सेल्सिअसलाही तयार होतो, पण काही सेकंदांतच त्याचे तुकडे होतात. तापमान १० ते १५ अंशांवर आणले की त्याची घडी बदलते, तो वीस मिनिटांहून अधिक टिकतो आणि त्या घडीमुळे प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला तो सहज वाचता येतो. म्हणजे थंडीची जाणीव मुख्यतः या आरएनएच्या घडीलाच होते. इतर बहुतेक संदेशांचे मात्र थंडीत उलटे होते: त्यांच्या गाठी घट्ट बसतात, भाषांतर (संदेशावरून प्रथिन बनणे) अडते आणि पेशीची वाढ काही तास थांबते. अवघ्या ७० अमिनो आम्लांचे सीएसपीए प्रथिन एकेरी धाग्याच्या आरएनएला चिकटून या गाठी पडू देत नाही. ते पुरेसे साठले की त्याचे स्वतःचे उत्पादन घटते आणि वाढ पुन्हा सुरू होते. नोट्स बाजूला ठेवा, मूळ शोधनिबंध वाचा आणि उत्तर आपल्या प्राध्यापकांकडून तपासून घ्या.

फ्रिजच्या 'जीवाणूरोधक' कप्प्यांसाठी जादा पैसे द्यावेत का?

देऊ नयेत. असा लेप फार तर कप्प्याच्या पृष्ठभागापुरता काम करतो, डब्यातील भाजीपर्यंत तो पोहोचत नाही. त्याऐवजी फ्रिजमध्ये तापमापक ठेवा आणि आतले तापमान ४ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

मला पाचवा महिना सुरू आहे. चार दिवस फ्रिजमध्ये ठेवलेले पनीर न शिजवता खाल्ले आणि दोन दिवसांपासून ताप आहे. शेजारणी म्हणतात, थंड अन्नात जंतू नसतात. वाट पाहू का?

मुळीच नाही. लिस्टेरिया मोनोसायटोजेनेस हा जीवाणू ४ अंशांनाही सावकाश वाढतो. शरीराच्या ३७ अंशांना त्याच्या एका संदेशक आरएनएची मिटलेली घडी उघडते आणि रोगकारक जनुकांना चालना देणारे प्रथिन तयार होऊ लागते. आपल्याला हाच संसर्ग झाला आहे, असे पत्रावरून मी म्हणणार नाही. पण गरोदरपणात तो बाळाच्या जिवावर बेतू शकतो आणि त्यावर प्रतिजैविके आहेत. आजच आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, काय खाल्ले ते सांगा आणि रक्ताचे कल्चर (रक्तात जीवाणू आहेत का, हे पाहणारी तपासणी) करावे का, हे त्यांना विचारा.