पहिल्यांदा प्लाझ्मा द्यायला जाताना

खानापूरहून सकाळच्या बसनं बेळगावला येणार असशील तर उपाशी येऊ नकोस, पण कुंदा हाणूनही येऊ नकोस! तुपकट खाल्लं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, दुधाळ होतो, पिशवी वाया जाऊ शकते. भाकरी-भाजी खा, आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पी. हिमोग्लोबिन १२.५ तरी हवं.

यंत्र प्लाझ्मा काढून घेतं, लाल पेशी परत सोडतं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर नर्सला लगेच सांग. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं. वेग कमी केला की बहुतेक वेळा थांबतं. मी पहिल्या खेपेला लाजून गप्प बसलो, हातपाय थरथरायला लागले तेव्हा बोललो. येडेपणा, दुसरं काय!

आणि पैशाचं विचारत होतास ना? रक्त विकण्यावर १९९८ पासून बंदी आहे. चहा-बिस्किटं मिळतील.